गिरजाक्काचं नोंदणीकृत विष

एका जंगलात, बाळांनो, सगळ्यांनाच चकाकायचं होतं.

आपल्या जंगलात नव्हे हं. आपल्याकडे असलं काही होत नाही, हे तुम्हाला शाळेत शिकवलंच असेल. हे दुसरंच जंगल. नीट बसा, नाकातली बोटं काढा आणि ऐका.

तर या जंगलात वाघोबा महाराजांना पट्टे चकचकीत हवे होते. सांबराला शिंगं चकचकीत हवी होती. अस्वलाला नक्की काय चकचकीत हवं होतं ते सांगता येत नव्हतं, पण सगळे रांगेत उभे आहेत म्हणून तेही उभं राहत असे. ही रांग होती भास्करशेठ साळिंदरांच्या दुकानापुढे. भास्करशेठ 'झळाळी' नावाचं एक द्रावण बनवायचे. अंगाला चोळलं की तीन दिवस समोरच्याचे डोळे दिपत.

झळाळीत तीन वस्तू असत. एक काळं मूळ, एक निळा दगड आणि तिसरी एक वस्तू. ती तिसरी वस्तू काय होती हे कुणालाच ठाऊक नव्हतं. ती कढईत घालताना भास्करशेठ स्वतः वडामागे उभे राहत आणि लांब काठीनं ती आत ढकलत. एवढं मात्र सगळ्यांनी पाहिलं होतं.

पण बुधल्यावर फुलाचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'नैसर्गिक'. मग कोण कशाला विचारतंय?

कढई धुतली की तिचं पाणी उतारानं खाली जाई. आणि खाली होता गिरजाक्काचा डोह.

गिरजाक्का म्हणजे एक पाणमांजर. अंगानं चपळ, तोंडानं फटकळ, दोन पिल्लांची आई. तिचा सगळा संसार त्या डोहात. आधी मासे सुस्त झाले, मग उताणे तरंगायला लागले आणि एक दिवस डोहात एकही मासा उरला नाही. पिल्लांच्या अंगावरची लव जाऊ लागली. धाकटं तर पाण्यात पाय घालायलाही भिऊ लागलं. पाणमांजराचं पोर पाण्याला भितं म्हणजे काय, विचार करा! गिरजाक्काला रडू आलं. पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हती. तिनं एक मेलेला मासा पानात गुंडाळला आणि तडक मंडळाच्या कचेरीत गेली.

हो, त्या जंगलात मंडळ होतं! रसायन व्यवस्थापन मंडळ. नुकतंच झालं होतं. शेजारच्या जंगलात आहे, मग आपल्याकडे का नको, असं महाराजांना वाटलं होतं. कायदा कसा करायचा हे इथे कुणाला येत नव्हतं, म्हणून दोन वानरांना शेजारी पाठवून तिथला कायदा अक्षरन् अक्षर उतरवून आणला होता. शेजारच्या जंगलात बर्फ पडायचा. त्यामुळे या जंगलाच्या कायद्यात बर्फ वितळवायच्या मिठाबद्दल अकरा कलमं होती. बर्फ म्हणजे काय हे कुणी पाहिलं नव्हतं, पण त्या मिठाबाबत जंगल अतिशय सुरक्षित होतं.

कायद्याला जोडून एक यादी होती. धोकादायक ठरू शकतील अशा नव्व्याण्णव रसायनांची. अध्यक्षांनी ती यादी वाचायला घेतली. अध्यक्ष म्हणजे आप्पासाहेब गवा. वजनदार व्यक्तिमत्त्व. एकोणिसाव्या नावापाशी ते थांबले.

"यातलं मला एकही ओळखू येत नाही," ते म्हणाले. "मला ओळखू येईल असं एखादं तरी घाला. अध्यक्ष आहे मी."

म्हणून शंभरावं नाव घातलं गेलं: पाणी.

तर गिरजाक्का तिथे पोचली. पान उघडलं. वास सुटला. आप्पासाहेबांनी शेपटीनं नाक झाकायचा प्रयत्न केला, पण शेपटी तेवढी पोचेना.

"भास्करशेठच्या झळाळीनं माझा डोह मारला," गिरजाक्का म्हणाली. "बंद करा ती."

आप्पासाहेबांनी यादी पुढे ओढली. "झळाळी यादीत नाही, गिरजाक्का."

"मग?"

"मग ते रसायन नाही."

"रसायन नाही तर काय आहे?"

"शोभेची वस्तू."

"शोभेच्या वस्तूनं मासे मरतात होय?"

"मरत असतील. पण ते रसायनानं मेलेले नाहीत," आप्पासाहेब म्हणाले. "तुम्हाला ती यादीत घालायची असेल तर सोपं आहे. जो ती वस्तू बनवतो त्यानं अर्ज करायचा, की माझी वस्तू घातक आहे, कृपया यादीत घ्यावी."

गिरजाक्का तशीच भास्करशेठकडे गेली. भास्करशेठ फार गोड बोलायचे. त्यांनी तिला बसायला पाट दिला.

"अक्का, तुमचं दुःख मला कळतं," ते म्हणाले. "पण माझा माल घातक आहे असं मीच लिहून देऊ? तुम्हीच सांगा, मी वेडा दिसतो का?"

खरंच दिसत नव्हते. ते फार शहाणे दिसत होते. गिरजाक्का पाटावरून उठली.

इतक्यात मंडळाच्या लक्षात आलं की झळाळी यादीत नसली तरी पाणी यादीत आहे! आणि पाण्याबद्दल तक्रार आली आहे! मंडळाच्या आयुष्यातली ही पहिलीच तक्रार होती. आप्पासाहेबांना इतका हर्ष झाला की त्यांनी दोनदा खूर आपटले. लगेच निरीक्षकांना डोहावर धाडलं.

निरीक्षक होते खवलेसाहेब. जातीनं खवल्या मांजर. काम चोख, अक्षर सुंदर. एकच खोड होती. त्यांना प्रश्न विचारला की ते अंगाचा गोळा करून बसत. प्रश्नकर्ता कंटाळून गेला की मग हळूच उलगडत. मंडळानं त्यांना निवडलं होतं ते याच गुणावर.

"पाणी तपासायचं आहे," खवलेसाहेब म्हणाले. "तीन मासे सोडायचे. शंभर मोजायचे. तिन्ही उताणे झाले तर पाणी घातक. मासे ज्याचं पाणी त्यानं आणायचे, असा नियम आहे."

गिरजाक्का टेकडीवरच्या कुंडातून तीन मासे घेऊन आली. आता तुम्ही म्हणाल, पाणमांजर तर मासेच खातं. खातं ना! पण खाणं वेगळं आणि असं वाया घालवणं वेगळं. तिनं एकेक करून ते डोहात सोडले.

खवलेसाहेबांनी मोजायला सुरुवात केली. चाळीसला पहिला उताणा झाला. बावन्नला दुसरा. तिसरा साठपर्यंत टिकला.

"घातक!" खवलेसाहेब आनंदानं म्हणाले. यादीतलं एक तरी रसायन सापडलं होतं.

"तेच तर सांगत होते मी!" गिरजाक्का म्हणाली. "आता भास्करशेठला धरा."

"भास्करशेठचा काय संबंध? हे पाणी कुणाचं?"

"माझं."

"म्हणजे रसायन क्रमांक शंभर, घातक प्रकार, याचा एवढा प्रचंड साठा तुम्ही विनापरवाना बाळगला आहे. दोन लहान मुलं असलेल्या घरात! अक्का, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"अहो, पण हे पाण्यात आलं कुठून?"

हा प्रश्न होता. खवलेसाहेबांचा लगेच गोळा झाला. गोळ्याच्या आतून एक नोटीस तेवढी बाहेर आली. आठ दिवसांत परवाना घ्यावा, नाहीतर डोह रिकामा करून कुटुंबासह निघून जावं.

डोह सोडून जायचं? कुठे? गिरजाक्का काठावर बसली आणि आता मात्र रडली, अगदी भोकाड पसरून. पिल्लं जवळ येऊन बसली. रडून झाल्यावर तिनं नाक पुसलं आणि त्या जंगलात तोवर कुणीही केलं नव्हतं असं एक काम केलं.

तिनं कायदा वाचला.

हसू नका. तो कायदा आप्पासाहेबांनी वाचला नव्हता, महाराजांनी वाचला नव्हता, उतरवून आणणाऱ्या वानरांनीही वाचला नव्हता. त्यांनी नुसता उतरवला होता. गिरजाक्कानं सकाळी सुरुवात केली. बर्फाच्या मिठाची अकरा कलमं तिनं दात-ओठ खात ओलांडली. ऊन कलायच्या आत ती सत्तेचाळिसाव्या कलमापाशी पोचली आणि तिनं पाण्यात अशी काही कोलांटी मारली की पिल्लांना वाटलं, आई गेली कामातून.

कलम असं होतं: 'घातक रसायनाच्या नोंदणीकृत साठ्यात, परवानाधारकाच्या संमतीवाचून, कोणीही काहीही मिसळू नये. मिसळल्यास मिसळणाऱ्याचं दुकान टेकडीपलीकडे हलवावं.'

दुसऱ्या दिवशी गिरजाक्का कचेरीत हजर. तोंड भरून हसत.

"आप्पासाहेब, मला विषाचा परवाना द्या!"

आप्पासाहेब गोंधळले. नोटीस घेतलेली माणसं त्यांच्याकडे इतक्या उत्साहानं येत नसत. पण अर्ज बिनचूक होता. साठ्याचं नाव: पाणी. प्रकार: घातक. जबाबदार व्यक्ती: गिरजाक्का. त्यांनी खुराचा ठसा उठवला. डोहाच्या काठी लाल पाटी लागली. पाटीवर कवटी, कवटीखाली दोन हाडं. कवटी पिल्लांनीच रंगवली. ती जरा हसरी झाली, पण चालून गेली.

भास्करशेठनी कढई धुतली. पाणी उतारानं आलं आणि नेहमीसारखं डोहात पडलं. गिरजाक्का काठावर वाटच पाहत होती.

"चोर! चोर!" ती ओरडली. "माझ्या विषात भेसळ केली हो!"

सगळं जंगल जमा झालं. घातक रसायनाचा गुन्हा म्हणून प्रकरण थेट महाराजांपुढे गेलं. महाराज खडकावर बसले होते. पट्टे असे झळाळत होते की फिर्यादीला डोळ्यांवर हात धरून बोलावं लागलं.

"महाराज," भास्करशेठ नम्रपणे म्हणाले, "माझी झळाळी संपूर्ण निरुपद्रवी आहे. सगळं जंगल अंगाला लावतं. फुलासारखी आहे ती."

"ऐकलंत, महाराज?" गिरजाक्का म्हणाली. "माझ्या अस्सल, तपासलेल्या विषात यांनी निरुपद्रवी वस्तू ओतली! विष पातळ झालं की हो माझं!"

जमलेल्यांत कुजबुज झाली. विष पातळ केलं? हे फारच झालं.

भास्करशेठचे काटे जरा उभे राहिले. "पातळ कसं होईल? उलट..." आणि ते थांबले.

"उलट काय, शेठ?" गिरजाक्कानं विचारलं. "उलट दाट झालं? म्हणजे तुमच्या झळाळीत विष आहे?"

"छे छे! काहीतरीच!"

"मग नाही ना विष? मग भेसळ."

"भेसळ नाही!"

"मग विष."

भास्करशेठनी एकदा महाराजांकडे पाहिलं, एकदा गिरजाक्काकडे आणि एकदा जमलेल्या गिऱ्हाइकांकडे. रांगेतलं अस्वल कान टवकारून ऐकत होतं. विष म्हणावं तर दुकानापुढची रांग उद्या मोडली.

"भेसळ," ते शेवटी पुटपुटले. "नजरचुकीनं झाली, महाराज."

महाराजांना न्याय आवडायचा, पण पट्टे त्याहून जास्त आवडायचे. त्यांनी कलम वाचायला लावलं. दुकान हलवा, असं होतं. बंद करा, असं नव्हतं. महाराजांना फार बरं वाटलं.

"विषाचं पावित्र्य राखलंच पाहिजे," ते गरजले. "दुकान टेकडीपलीकडे!"

टेकडीपलीकडे दुसरा ओढा होता. दुकान तिथे गेलं. दुकानामागे रांगही गेली. तिथल्या पाण्याचं काय झालं असेल, ते तुम्ही विचारू नका. तिथून तक्रार आलेली नव्हती, म्हणजे तिथे काही झालेलं नव्हतं.

इकडे एक पावसाळा गेला आणि डोह धुऊन निघाला. तळाचे दगड मोजता येऊ लागले. कुंडातले मासे वाट काढत काढत खाली उतरले. पिल्लांना पुन्हा लव आली आणि धाकटं दिवसभर पाण्याबाहेर निघेना. गिरजाक्काला वाटलं, जिंकलो!

तेवढ्यात कचेरीतून पत्र आलं. परवान्याला वर्ष होत आलं आहे. नूतनीकरणासाठी तपासणी होईल. विषाचा दर्जा गेल्या वर्षीइतकाच असावा. नसल्यास परवाना रद्द.

गिरजाक्कानं पत्र पुन्हा एकदा वाचलं. तीन मासे, शंभर आकडे, आणि आता तर एकही मरणार नव्हता! परवाना गेला की लाल पाटी गेली. पाटी गेली की सत्तेचाळिसावं कलम गेलं. आणि भास्करशेठनी तर निरोपही पाठवला होता: अक्का, टेकडीपलीकडे उतार बरोबर नाही, तुमच्या परवान्याचं काय झालं ते कळवावं, आपला स्नेह आहेच.

ती डोहाच्या तळाशी गेली. तिथे कुंडातून उतरलेला भिवा नावाचा एक म्हातारा मरळ मासा राहत होता. माशांत त्याच्या शब्दाला मान होता. गिरजाक्काला पाहताच तो दगडाखाली सरकला.

"भिवाकाका, बाहेर या. आज जेवायला नाही आले. मदत मागायला आलेय."

तिनं सगळं सांगितलं. भिवानं ऐकून घेतलं.

"म्हणजे आम्ही मेल्याचं सोंग करायचं," तो म्हणाला, "आणि कुणासाठी? जी आम्हाला रोज खाते तिच्यासाठी?"

"रोज दोन," गिरजाक्का म्हणाली. खोटं बोलायचं तिच्या जिवावर आलं. "पिल्लं मोठी झाली की तीन. पण ती कढई परत इकडे आली तर एकजात सगळे, एका दिवसात. तुम्हीच ठरवा."

भिवा कल्ले हलवत दगडाखालून बाहेर आला. मग म्हणाला, "निदान तू मोजून तरी खातेस. चल, शिकव."

झाली तालीम सुरू! अख्खा डोह उताणं व्हायला शिकू लागला. पोट वर, डोळे थिजलेले, तोंड अर्धं उघडं. काही मासे भलतेच रंगले. एक जण तर मरताना आधी दोन गिरक्या घ्यायचा, मग आचके द्यायचा. त्याला भिवानं दम भरला, "साधं मर. नाटक नको." तपासणीला भिवासोबत जायला दोन तरुण मासे निवडले. त्यातल्या एकाला, चिमण नाव त्याचं, हसू आवरत नसे. पण साठच्या ठोक्याला इतकं सुरेख उताणं दुसऱ्या कुणालाच होता येत नव्हतं.

तपासणीचा दिवस उगवला. खवलेसाहेब आले. खांद्याला पाण्याचा भोपळा, हातात कागद.

"मासे?"

गिरजाक्कानं तिघांना सोडलं. साहेब मोजू लागले. काठावर पिल्लं एकमेकांना चिकटून बसली होती. चाळीसला भिवा उताणा झाला, आणि असा झाला की गिरजाक्कालाच क्षणभर तो खरा मेला असं वाटलं. बावन्नला दुसरा. मग चिमण. साठ झाले. एकसष्ट, बासष्ट... आणि चिमणच्या तोंडातून बुडबुडे यायला लागले. एक, दोन, मग भराभर दहा. पोट गदगद हलत होतं.

साहेब वाकले. "हा हलतोय."

"विष मुरतंय, साहेब," गिरजाक्का झटकन म्हणाली. "वर्ष झालं ना. मुरलेलं विष असंच बुडबुडतं. लोणच्यासारखं."

साहेबांनी मान डोलावली. लोणच्याचं त्यांना कळत होतं. त्यांनी शंभरपर्यंत मोजलं आणि सुंदर अक्षरात लिहिलं: 'विषाचा दर्जा गेल्या वर्षीपेक्षाही उत्तम. साठा अत्यंत निगुतीनं राखला आहे. इतरांनी आदर्श घ्यावा.'

गिरजाक्काला त्यांच्या खवल्यांचा मुका घ्यावासा वाटला! ऊन तापलं होतं. साहेब दमले होते. डोह समोर निळाशार, गार.

"साहेब, घोटभर पाणी घ्या आमचं," ती आनंदाच्या भरात म्हणाली.

साहेब चार पावलं मागे सरकले. "अक्का! अहो, माझी लहान लहान मुलं आहेत घरी!" त्यांनी खांद्यावरचा भोपळा काढला. "मी माझं आणलंय. टेकडीपलीकडच्या ओढ्याचं. बघा, काय चकाकतंय!"

गिरजाक्काचं हसू मावळलं. हा माणूस कामात चोख होता, त्याचं अक्षर सुंदर होतं, आणि त्याची लहान लहान मुलं होती. तिला त्याची खरोखर दया आली.

"ते नका पिऊ, साहेब," ती म्हणाली. "तिथे वर भास्करशेठची कढई आहे. ते विष आहे हो."

खवलेसाहेबांनी तिच्याकडे पाहिलं. मग लाल पाटीवरच्या कवटीकडे. मग पुन्हा तिच्याकडे.

"विषाचा परवाना तुमच्याकडे आहे," ते समजुतीनं म्हणाले, "आणि नावं दुसऱ्याच्या पाण्याला ठेवता?"

आणि त्यांनी भोपळा तोंडाला लावला.

तात्पर्य: बाळांनो, आपलं पाणी स्वच्छ राखायचं असेल तर ते वेळीच विष म्हणून नोंदवून घ्यावं. ते जमणार नसेल, तर निदान उताणं तरंगायला शिकावं. आणि तहान लागली की आधी कवटीची पाटी शोधावी, मग तिथेच बसून पोटभर पाणी प्यावं.